मागवलेला पाऊस

देवरुखच्या स्टँडवर कुमुदिनीबाई फणसपोळीचा डबा घेऊन लेकीकडे, शर्वरीकडे निघाल्या होत्या.

"आजी, आजही तिकीट नाही," खिडकीतला म्हात्रे म्हणाला. "तुमच्या लेकीच्या गल्लीत पाऊस आहे. पावसात सत्तरीपुढच्यांना गाडीत घेत नाहीत."

"भर वैशाखात? आणि नेमका मी निघाले की?"

"मागवलेला आहे. हल्ली लोक गल्लीपुरता मागवतात."

बाईंच्या लहानपणी पाहुणे उठले की आई म्हणायची, "पाऊस आहे, आज राहा."

"कुठल्या मेल्यानं मागवलाय?"

म्हात्रेने पडद्यावर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शर्वरी आपटे."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"आई, इथे धो धो कोसळतोय. निघू नकोस हं!"

"नाही निघत," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तू भिजू नकोस."