अठ्ठावीस दिवसांचे ठोकळे

पहिला ठोकळा तीनशे तीस किलोन्यूटनवरच फुटला. अर्शीला वाटलं, आपण यंत्राचा काटा चुकीचा वाचला. तो पाचशेच्या पुढं जायला हवा होता. तिनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. आकडा तोच.

दुसरा तीनशे दहावर गेला. तिसऱ्यानं तर तेवढीही लाज राखली नाही, दोनशे नव्वदलाच मान टाकली.

अर्शी बांधकाम व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला होती. नांदेडच्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शहरातल्या बांधकामांवरचे काँक्रीटचे ठोकळे तपासायला यायचे. स्लॅब टाकताना त्याच मालातून साचे भरायचे, ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्रात दाबून फोडायचे. ठोकळा किती भार सोसतो, त्यावरून स्लॅबची ताकद ठरते. यात गोंधळण्यासारखं काही नाही, असं ती खालच्या वर्गातल्या मुलींना मोठ्या ऐटीत सांगायची. आज ती ऐट पार उतरली होती. कारण हे ठोकळे देगलूर नाक्यापलीकडच्या एका शाळेच्या स्लॅबचे होते, आणि तो स्लॅब तिच्या अब्बांनी टाकला होता.

अब्बांनी, म्हणजे करीम मिस्त्रींनी, चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली. एखादी वीट ओळंब्यात नसली तर स्वतःच्या हातानं भिंत उतरवणारा माणूस. त्यापायी कंत्राटदारांशी त्यांचं कधी जमलं नाही. शाळेचं हे काम म्हणजे त्यांच्या हाती आलेलं पहिलंच मोठं काम होतं. सिमेंटच्या गोदामाची चावीसुद्धा त्यांच्याकडेच होती.

चावी त्यांच्याकडे होती. मग सिमेंट गेलं कुठं? हा विचार मनात आला आणि अर्शीला स्वतःचीच शरम वाटली. पण विचार काही जाईना.

"यंत्र बिघडलंय का, सर?"

शिवकुमार सरांकडे ही प्रयोगशाळा होती. त्यांनी सकाळच्या दुसऱ्या कामाचा एक उरलेला ठोकळा यंत्रात लावला. तो सहाशेपर्यंत ताठ उभा राहिला.

"यंत्र ठीक आहे. लिही," सर म्हणाले. "पाच वाजता अहवाल जाईल. स्लॅबला भोक पाडून आतला माल तपासायचा की स्लॅबच पाडायचा, ते वरचे लोक ठरवतील. मिस्त्रीला मात्र आता कुणी दारात उभं करणार नाही."

तो मिस्त्री कोण, हे सरांना ठाऊक नव्हतं. अर्शीनं पेन उचललं. दोनाचा-तिनाचा पाच करायला कितीसा वेळ लागतो? पण त्या स्लॅबखाली उद्या वर्ग भरणार होता. अब्बांनी खरंच सिमेंट खाल्लं असेल तर? आणि नसेल, तर हे आकडे कसले? तिला काहीच उमगेना. तिनं आकडे होते तसेच लिहिले. मग ऑटो पकडून तिनं थेट ती शाळा गाठली.

करीम मिस्त्री त्याच स्लॅबवर वरच्या मजल्याची भिंत चढवत होते.

"क्या हुआ बेटा? कॉलेज लवकर सुटलं?"

अर्शीनं तिथला हातोडा उचलला आणि खाली वाकून स्लॅबवर मारला. खणखणीत आवाज आला. आणखी चार ठिकाणी मारून पाहिलं. कपचासुद्धा उडाला नाही. आता तर तिचं डोकंच चालेना. यंत्र खरं मानावं की हातोडा?

"अब्बा," ती कशीबशी म्हणाली, "या स्लॅबात सिमेंट कमी घातलंत का?"

करीम मिस्त्रींच्या हातातली थापी थांबली. असा प्रश्न त्यांना चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. तो पोटच्या पोरीनं विचारावा, हे त्यांना फार लागलं.

"कमी? मापाच्या चिठ्ठीत लिहिलं त्याच्यापरीस मूठभर जास्तच पडलं असंल. हितं लेकरं बसनार हायत, बेटा."

"मग तुमचे ठोकळे एवढ्या लवकर कसे फुटले? साचे कुणी भरले होते?"

"मीच. इंजिनेर साहेब म्हनले, मिस्त्री, हे भरून ठिवा, आन् गेले जेवायला." बोलता बोलता त्यांचा चेहरा एकदम खुलला. "लवकर फुटले ना?"

अर्शीनं हातोडा खाली ठेवला.

"त्याचा माल मी येगळा कालवला व्हता," ते खुशीत येऊन सांगू लागले. "येका घमेल्यात. रेती जास्त, सिमेंट नुस्तं नावाला."

"का पण?"

"साहेब म्हनले, तुझ्याच कॉलेजात फोडायला जानार हायत. तू तर रोज सांगती, आज नऊ फोडले, आज बारा फोडले, हात गळून गेले. म्हनलं, बापाचे ठोकळे तरी पोरीच्या येका घावात फुटावेत."