श्रावणचं रक्त

"ताप? सर्दी? दारू? गोळी-पुडी?"

"काहीच नाई, साहेब." श्रावणनं बाही वर सारली.

"डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा नाही ना? एक गोळी पोटात गेली तरी आठ-दहा दिवस रक्त धड गोठत नाही. मग नाही गोठलं, तर ते आपल्या कडीमुळं की गोळीमुळं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

डॉ. वैरागडे दर बुधवारी हेच सांगत. वर्ध्याच्या त्या प्रयोगशाळेत श्रावण शिपाई होता, आणि दर बुधवारी तो हे पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐके.

डॉक्टरांनी हृदयात बसवायची झडप तयार केली होती. यंत्रात चार कोटी वेळा उघडमिट झाली, तरी झिजली नाही. घोडं अडलं होतं रक्तापाशी. झडपेच्या कडीवर रक्त गोठे, आणि त्याची एक गुठळी मेंदूत गेली की खेळ खलास. म्हणून कडीवर लेप देऊन ती ताज्या रक्तात फिरवून पाहायची. ताजं रक्त आणायचं कुठून? शिकलेसवरलेले सगळे सुई पाहिली की कामाला पळत. मोठे आले शास्त्रज्ञ!

श्रावण मात्र आपणहून पुढं झाला. त्याला कारण होती त्याची लेक नलू. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. ताप गेला, पण जाताना हृदयाची झडप नासवून गेला. लग्न होऊन कारंज्याला गेली, तर साधी घागर उचलताना धाप लागे. सासरच्यांनी "बरी झाली की पाठवा" म्हणून आणून सोडली. जशी काही सायकल दुरुस्तीला टाकली! परदेशी झडप ऐपतीबाहेरची. शिवाय ती बसवली की रक्त पातळ ठेवायचं औषध जन्मभर, आणि दर महिन्याला तपासणी. डॉक्टरांनी शब्द दिला होता: आपल्या कडीवर सलग सहा महिने रक्त गोठलं नाही, तर पहिली झडप नलूला, आणि औषधाची कटकटही नाही.

आता श्रावणची कंबर. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलून ती कामातून गेली होती. दिवसाला दोन गोळ्या लागत. त्या त्यानं सोडल्या. पण रक्त देतो हे बायकोला सांगायची सोय नव्हती. धुरपतानं येऊन डॉक्टरांची बिनपाण्यानं केली असती. म्हणून त्यानं थाप मारली.

"नवस बोललो. नलू बरी होईस्तोवर गोळीले शिवणार नाई."

धुरपताच्या डोळ्यांत पाणी आलं. नवसापुढं ती बापडी काय बोलणार?

पहिले दोन महिने फार वाईट गेले. सकाळी उठायला भिंत लागे. घरून, बोरगाव मेघ्याहून, येताना सायकलवर बसवत नसे, ती हातानं ढकलत यावं लागे. रक्त काढणाऱ्या प्रेमदासला ते पाहवेना.

"घ्या न बाप्पा एक गोळी. कोन पाहून राह्यलं? मी नाई सांगत साहेबाले."

"तू नाई सांगशीन रे. पण ते झडप नलूच्या छातीत बसणार हाय."

प्रेमदासनं गोळी परत खिशात टाकली.

आणि एवढं सोसून कडी काय करी? दर बुधवारी तिच्यावर रक्त साकळून बसे. नवव्या बुधवारी डॉक्टर म्हणाले, "आता शेवटचा एक लेप. हाही फसला, तर झडपेचा नाद सोडायचा." श्रावण घरी आला, भिंतीकडं तोंड करून पडला आणि ढसाढसा रडला.

"काय झालं जी?" धुरपतानं विचारलं.

"काई नाई," म्हणत त्यानं कंबरेवर हात ठेवून कूस बदलली. ती बराच वेळ त्याच्या उशाशी बसून राहिली.

पुढच्या बुधवारी शेवटचा लेप. अर्ध्या तासानं कडी बाहेर काढली, तर ती लख्ख! डॉक्टरांनी दोनदा चष्मा पुसला. त्याच्या पुढच्या बुधवारीही लख्ख, नंतरही तेच. श्रावणला जीव आला. कंबरही सोसवू लागली. आशा लागली की दुखणंसुद्धा माणसाळतं, असं तो प्रेमदासला सांगे. तो पुन्हा सायकलवर येऊ लागला. सुई काढल्यावर कापूस जरा जास्त वेळ दाबून धरावा लागे, एवढंच.

सहा महिने झाले. डॉक्टरांनी पेढे वाटले. "श्रावण, ही झडप तुमच्या रक्तावर उभी आहे," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले.

नलूचं ऑपरेशन झालं. पोरगी उठली, चालली, जिना चढली. औषध नाही, तपासणी नाही. दीड महिन्यानं जावई न्यायला आला. ती स्वतःची पेटी स्वतः उचलून कारंज्याच्या एसटीत चढली. श्रावण गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होता.

घरी येऊन तो खाटेवर टेकला. किती दिवसांनी मोकळं हसला.

"नलूची माय, फिटला नवस! आण आता एक गोळी. इतके महिने तोंडाले लावली नाई."

धुरपता पदर तोंडाशी धरून हसली.

"रागावू नोका, पन तुमी त्या दिवशी कंबर धरून रडले न, मले पाहवलं नाई. तवापासून रोज दोन गोळ्या कुटून तुमच्या वरनात टाकून राह्यली मी." ती त्याच्याजवळ सरकली. "तुमी जानूनबुजून थोडीच खाल्ली? मंग तुमचा नवस कुठं मोडला? पाप लागलं त मले लागन जी. नलूले काऊन लागन?"