हौसरावची टोकणी

"तिला बियाला हात लावू देऊ नका," हौसराव म्हणाला आणि त्यानं बायकोच्या हातातली टोपली काढून घेतली.

झुंबरबाई मागं सरली. वावराच्या कडेच्या बाभळीखाली मुकाट जाऊन बसली.

साधनाला त्याचा रागच आला. एका बियाणं कंपनीची ट्रायल घेऊन ती पुण्याहून राहू गावाला आली होती. गोड मक्याचे चार वाण, प्रत्येकाचे तीन प्लॉट, पत्र्याच्या बारा पाट्या. इथल्या मातीत कोणता वाण जास्त गोड निघतो ते बघायचं. टोकणी हे बायकांचं काम, साऱ्या गावात बायकाच टोकतात. आणि हा गडी एकटा गुडघ्यावर बसून एकेक दाणा मातीत सारत होता. बांधावरून जाणारे येणारे खुशाल हसत होते.

साधनानं नेहमीप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली, "बियाला औषध..."

"ठावं हाय," तो मध्येच म्हणाला. "मला ठावं हाय ताई. वरडू नका."

टोकणी संपल्यावर त्यानं सांडलेला दाणा न् दाणा वेचला. उरलेलं बी साधनाच्या पिशवीत स्वतः घातलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. रिकामी पाकिटं जाळली. मग विहिरीवर जाऊन बोटांना लागलेला बियाच्या औषधाचा गुलाबी रंग जाईपर्यंत राखेनं हात घासत बसला. एवढा चिक्कू माणूस साधनानं पाहिला नव्हता.

चहाच्या वेळी आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. नवरा हाताच्या अंतरावर बसलेला असताना झुंबरबाई म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, च्या निवतोय."

"तुम्हीच सांगा की," साधना हसून म्हणाली.

कुणीच हसलं नाही. हौसरावनं कपबशी उचलली.

नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. पुढच्या फेऱ्यांमध्ये झुंबरबाईनं ते थोडं थोडं करून सांगितलं. प्रगती त्यांची एकुलती एक मुलगी, पाच वर्षांची. थंडीच्या दिवसांत एका दुपारी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. हौसराव तेव्हा पाटसच्या साखर कारखान्यावर सीझनच्या कामाला होता.

"सांगावा धाडला. दोन घंट्यानं आले. जीप मिळंस्तवर अंधार पडला. दौंडच्या दवाखान्यात पोचलो तवा पोर थंडगार. डाक्टरनी त्यांनाच आत बोलावलं. भाईर आले ते गप. काय बोलतील? येळंवर आले असते तर माझी पोर वाचली असती."

"ते काही म्हणाले नाहीत?"

"कायबी न्हाई. म्या वाट्टेल ते बोलले, सगळं ऐकून घेतलं. मंग म्याच बोलायची थांबले."

मुलीला त्या बाभळीखालीच पुरलं होतं. चार नंबरचा प्लॉट तिथूनच सुरू होत होता.

"वारा नसला तरी तिथल्या मक्याच्या वळी वाजत्यात," झुंबरबाई म्हणाली. "पळती मधनं. कणसाचं लई याड तिला. म्हणून तर कंपनीवाले आले तवा म्या शेजारणीकडनं निरोप धाडला, मका लावाच म्हून. त्यांच्या मनात नव्हतं."

शेतकी कॉलेजात शिकलेल्या साधनानं ते कानाआड केलं. पण एका दुपारी ती झाडांची उंची मोजायला चार नंबरमध्ये शिरली. बाकीचा मका गपगार उभा होता, आणि तिच्या पुढच्या ओळीतली पानं मात्र कुणीतरी धावत गेल्यासारखी, शेवटपर्यंत हलत गेली. साधना आल्या पावली बाहेर पडली. तिथल्या झाडांची उंची तिनं वहीत अंदाजानं लिहिली.

हौसराव तिच्या मनातून साफ उतरला होता. एक तर वेळेवर आला नाही, वर बायकोलाच अवलक्षणी समजतो. आणि झुंबरबाईचं मागणं तरी काय होतं? एकदा आपल्या हातानं बाभळीखाली मका लावायचा, बस. पोरीसाठी. तेवढंही तो करू देत नव्हता.

पंच्याहत्तराव्या दिवशी कणसं काढली. चार पातेल्यांत वेगवेगळी उकडली. गावातल्या दहाजणांनी चाखली, साधनानं यंत्रावर गोडी मोजली. चार नंबरच्या प्लॉटमधला वाण सगळ्यांना भारी ठरला. हौसरावनं मात्र एक दाणाही तोंडात टाकला नाही. पोतं खांद्यावर घेऊन तो टेम्पोकडे गेला.

झुंबरबाई हीच संधी शोधत होती. "ताई, ह्याचं मूठभर बी द्या की. त्यांना कळू देऊ नका."

साधनानं क्षणभरही विचार केला नाही. पिशवीतलं उरलेलं पाकीट काढून तिनं दाणे त्या खरबरीत तळहातावर ओतले. कुणाला तरी न्याय दिल्यासारखं तिला बरं वाटलं.

झुंबरबाई दाण्यांकडे बघत राहिली. "आगदी असंच हुतं. सुरकुतलेलं आन् गुलाबी."

"कधी?"

"तवाबी एक कंपनीवाले आले हुते. उरलेलं बी मला देऊन गेले, परसात लाव म्हणाले. आन् पोरीनं त्या दिशी सकाळपास्नं कणसाचा हट्ट धरलेला. थंडीत कणीस कुठलं आणू? मंग तेच घेतलं. तीन पाण्यानं धुतलं, गुलाबी रंग समदा गेला. गूळ घालून शिजवलं. वाटी चाटूनपुसून खाल्ली बघा." तिनं पदरानं डोळे टिपले. "दुपारी तर ते तसं झालं. पर तेवढंच एक समाधान हाय ताई, उपाशी न्हाई गेली. माझ्या हातचं खाऊन गेली. त्याच्यावरच जगते बघा मी."

साधनानं झडप घालून तिची मूठ दाण्यांसकट धरली. ‘विष’ हा शब्द अगदी ओठांवर आला आणि तिनं मान वर केली.

बांधावर हौसराव उभा होता. पोतं त्याच्या पायाशी पडलं होतं, आणि साधनाकडे बघत त्यानं दोन्ही हात जोडले होते.