बारा दांडे

सूक्ष्मदर्शकाखाली पिवळा कण दिसला. हर्षदाने भिंगाची काच पुसून पुन्हा पाहिलं. कण तिथंच होता आणि शेजारी आणखी दोन. खुब्यात बसवायचा टायटेनियमचा दांडा होता तो. ट्रेमधल्या बारांपैकी तपासायला घेतलेला पहिलाच.

तिने सुपरवायझर जालिंदरला बोलावलं. पिवळा कण म्हणताच त्याने भिंगात डोकावूनही पाहिलं नाही. सरळ पॅकिंगमधल्या मल्हारीमामांना हाक मारली.

मामा आले ते कपाळभर भंडारा लावूनच. खंडेनवमी होती. सकाळी कारखान्यात ज्याने त्याने आपापल्या मशीनची पूजा केली होती. मामांकडे मशीन नव्हतं. त्यांच्याकडे एक काचेचं कपाट होतं आणि कपाटात हे दांडे. त्यांनी काही लपवलं नाही. जेजुरीचा भंडारा लावला, हात जोडले, मग ओल्या फडक्याने पुसून घेतलं, एवढंच म्हणाले. हातमोजे घातले होते का, असं हर्षदाने विचारलं.

"देवाचं करताना हातमोजं घालत्यात व्हय, ताई?"

फाटकाशी माल न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. उद्या दसरा, परवा रविवार. जालिंदर घड्याळाकडे बघत म्हणाला, हळद औषधीच असते, जखमेवर आपण तीच दाबतो. आणि एवढंच असेल तर दांडे धुऊन घेऊ.

धुता येत नाहीत, हर्षदा म्हणाली. गेल्या वर्षापासून दांड्यांवर नवा थर चढत होता, हाडात असतं त्याच खनिजाचा. त्याचे कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे. त्यांच्या मधल्या फटींत हाड मूळ धरतं आणि दांडा अंगाचा होऊन जातो. त्यात हळदीचा कण म्हणजे शेतात पडलेला धोंडा. आणि हळद निदान दिसते तरी. बोटाचं तेल, फडक्याचं पाणी कुठल्याच भिंगात दिसत नाही. दुसरा दांडा तिने भिंगाखाली धरला. स्वच्छ होता. म्हणजे तो पुसलेला होता की हात न लावलेला, ते तिला सांगता येत नव्हतं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् असला बसवला तर?"

"हाड धरत नाही. वर्ष-दोन वर्षांत दांडा आत हलायला लागतो. पाऊल टाकलं की मांडीत कळ येते. मग पुन्हा कापायचं, हा काढायचा, दुसरा बसवायचा."

मामा ट्रेकडे बघत राहिले. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब.

एक दांडा बाद झाला तर वहीत एक ओळ लिहायची आणि बाकीचे अकरा पाठवायचे. अख्खा ट्रे बाद झाला तर पुण्याच्या ऑफिसला कळवायचं आणि कुणामुळे झाला त्याचं नाव द्यायचं. मागे असं नाव गेलेला माणूस पुन्हा कामावर दिसला नव्हता. मामा दिवाळीनंतर कायम होणार होते. निमोण्याहून त्यांना इथं आणलं होतं जालिंदरनेच.

हर्षदाने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"मामा, नीट आठवून सांगा. किती दांड्यांना लावला?"

"एखाद्यालाच लावला असंल," जालिंदर घाईने म्हणाला. "व्हय ना, मामा?" आणि हर्षदाच्या पाठीमागून त्याने एक बोट वर केलं.

समोरच्या कपाटाच्या काचेत तिला ते बोट दिसलं. तिने मान वळवली नाही. खरं तर मामांनी 'एक' म्हणावं असं तिलाही त्या क्षणी वाटलं.

मामांनी बोट पाहिलं. जालिंदरकडे पाहिलं. मग ट्रेमधल्या दांड्यांवरून, हात न लावता, नजर फिरवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बारा," ते म्हणाले.

जालिंदरचं बोट खाली आलं.

"बारा माणसं ह्याच्यावर चालायची हायती, ताई. एकाला लावून बाकीच्या अकरा जणांना तसंच कसं सोडू?"