अडवलेली पेनल्टी

शेवटच्या मिनिटाची पेनल्टी वाल्देमारने छातीशी कवटाळली आणि पायसांदू शहरातला त्याचा क्लब पहिल्या श्रेणीत टिकला. ड्रेसिंग रूममध्ये सगळे नाचत असताना प्रशिक्षक एल्बिओंनी त्याला बाजूला घेतलं.

"पोरा, मन घट्ट कर. तुझी आई गेली. दुपारी फोन आला होता."

"दुपारी? आणि तरी मला मैदानात उतरवलंत?"

"कळल्यावर उभा राहिला असतास का गोलमध्ये?"

त्यांचा हात झटकून वाल्देमार हातमोज्यांसकट बाहेर पडला. दाराशी रामिरो थांबला होता. मघाची पेनल्टी त्यानेच मारली होती. आता तो समोरच्या संघात असला, तरी दोघे एकाच गल्लीत वाढलेले.

"वाईट झालं रे, वाल्दे. गल्लीतून फोन आला, इकडे येताना बसमध्येच आम्हाला कळलं होतं. आज तुझ्यावर गोल मारायला माझा पायच उचलेना."

वाल्देमारला उमगायला क्षणभर लागलं. मग त्याने रामिरोची गचांडी धरली.

"सोळा वर्षं गोल राखतोय मी. आईच्या मरणावर मला भीक घालतोस?"

"सोड, वाल्दे."

त्याने सोडलं नाही. तसाच ओढत त्याला रिकाम्या मैदानावर नेलं आणि चेंडू त्याच्या पायाशी आपटला.

"मार. आता नीट मार."