द्वारकाचं कर्ज

टाळ्या थांबल्या तरी द्वारकाचे हात मांडीवरच होते. प्राचार्य प्रमोदिनीबाईंनी नुकतंच सांगितलं होतं, की संस्थेनं विद्यार्थ्यांना कर्ज देणं बंद केलंय. त्याऐवजी अनुदान मिळणार. आधी दिलेली कर्जंही अनुदानातच धरली जाणार. घरोघरी तशी पत्रं गेली होती. शेजारची मुलगी आनंदानं रडत होती. द्वारकाला काहीच वाटत नव्हतं. फळ्यावर कालची आकृती अर्धवट पुसलेली होती, तिकडं ती बघत बसली.

ती गंगापूरजवळच्या खेड्यातली. फार्मसीचं तिसरं वर्ष चालू होतं, अजून एक राहिलं होतं. कर्जाचा अर्ज तिनंच आणला होता. वडील कारभारी यांनी जामीनदार म्हणून सही केली होती. माणूस वाईट नव्हता. पोरीनं शिकावं असं त्यांना वाटायचं, पण चांगलं स्थळ आलं की तेवढंच दिसायचं. दोनदा स्थळ आलं. दोन्ही वेळा त्यांनी कर्जाचा कागद काढला, मास्तरांकडून पुन्हा वाचून घेतला आणि पाहुण्यांना नाही म्हणून कळवलं.

ती वर्गातून बाहेर आली, तर कारभारी ऑफिससमोरच्या बाकावर बसलेले. सकाळच्या एसटीनं आले होते. नवीन टोपी घातली होती. इतकं हसताना तिनं त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"पत्र आलं बघ," ते म्हणाले. "आता कशाचीच अडचण नाय. पोरगा साखर कारखान्यात हाय, माणसं लई चांगली हायेत. पुढच्या महिन्यात उरकून टाकू. तुझं सामान बांध."

तिनं शिक्षणाचं विचारलं. झालं तेवढं लई झालं, असं ते मायेनंच म्हणाले.

तिला राग आला नाही. रडूही आलं नाही. आलेच म्हणून ती प्राचार्यांच्या खोलीत गेली आणि टेबलापाशी उभी राहिली.

बाईंना वाटलं, आभार मानायला आली असेल. तिला आता काहीही फेडायचं नाही, असं त्यांनी पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

"बाई, मला अनुदान नको," द्वारका म्हणाली. "माझं कर्ज तसंच राहू द्या. शिक्षण अर्धवट सोडलं, तर सगळे पैसे जामीनदारानं एकदम भरायचे, अशी त्यात अट होती."

बाईंनी दारातून बाहेरच्या बाकाकडं पाहिलं. मग त्यांनी अनुदानाची यादी पुढं ओढली आणि द्वारकाच्या नावावर रेघ मारली.