सिद्धेशचा फोल्डर

अरे, ऐका तरी! मी आणि सिद्धेश तळेरे गावातल्या एका खोलीत दोन वर्षं सॉफ्टवेअर बनवतोय ना, दोघांचं वेगवेगळं काम एकत्र जोडणारं? सोमवारी पहिलं गिऱ्हाईक बघायला येणार, आणि शुक्रवारपासून त्यात घोळ! माझ्या फोल्डरांचं झाड, म्हणजे फोल्डरात फोल्डर अशी मांडणी, त्याच्या झाडाला जोडलं, की त्याने लिहिलेला अख्खा फोल्डर गायब. जोडणीचा कोड त्याचाच, म्हणून फोन केला. "मेल्या, तुझी जोडणी तुझाच काम खाता!" तर हसून म्हणतो, "खांवदे गो." मी दोन दिवस ओळ न् ओळ तपासली. कोडमध्ये चूकच नाही! एकाने फोल्डर मुद्दाम काढला आणि दुसऱ्याने त्याला हात लावला नसेल, तर जोडताना तो जाणारच. मग काढला कोणी? कोणी कधी काय बदललं, त्याची नोंद उघडली. सिद्धेशनेच, शुक्रवारी! कारणाच्या जागी एकच शब्द, 'येतंय'. मी खूश! म्हटलं, नवीन काहीतरी लिहून हा येतोय. दोन चहा सांगितले. चहा निवला तरी हा नाही, फोनही बंद. शेवटी त्याच्या आईला फोन लावला. काकी म्हणाली, "अगो अक्षया, तो सकाळीच बंगळुराक गेलो, नोकरी लागली. माका म्हणालो, अक्षयाक सांगलंय." मी ती नोंद परत उघडली. सांगितलं होतं रे त्यानं. घरातून निघताना आपल्यात 'जातंय' कोण म्हणतं?